प्रगत परिसर व्यवस्थापन

प्रगत परिसर व्यवस्थापन : एखाद्या गल्लीतील किंवा गृहसंकुलांतील रहिवाशांनी महानगरपालिकेच्या सहकार्याने आपल्या परिसराची स्वच्छता व कचऱ्याची विल्हेवाट पाहण्याची मुंबईतील योजना. ‘एएलएम’ या संक्षेपाने ती अधिक परिचित आहे. घाटकोपर (पूर्व) येथील जोशी लेनमधील रहिवाशांच्या उपक्रमातून तिचा उगम झाला व १९९७ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने ती अन्य भागांतही सुरू केली.

महानगराच्या कचऱ्याचा भार मुख्यतः उपनगरांवर पडत आला आहे. देवनार, गोराई (बोरिवली) व मुलुंड येथील क्षेपणभूमींच्या आसपास कालांतराने दाट वस्ती झाली. साठलेल्या कचऱ्यातील सेंद्रिय भाग हवेच्या अभावी कुजला, की ज्वालाग्राही मिथेन वायू निर्माण होतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार येथे लागलेल्या आगीचा धूर शहरात दूरवर पसरला होता. गोराई क्षेपणभूमी २००७ मध्ये, तर १९६७ पासून वापरात असलेली मुलुंडची २०१८ मध्ये बंद करण्यात आली.

कार्यपद्धती : कचऱ्याचे घरातच ओला व सुका असे वर्गीकरण करणे, हा या योजनेचा पाया होय. काच, प्लॅस्टिक इ. मिसळल्यास ओल्या कचऱ्याचे खत निरुपयोगी ठरते. कचऱ्यात निम्म्याहून अधिक असणारा ओला भाग आवारातील खड्ड्यात वा टाकीत पालापाचोळ्यासह थरांनी रचतात. पालापाचोळ्यामुळे कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण योग्य राहते, तसेच हवा खेळती राहून दुर्गंधी टळते. ढिगाचे तापमान ५५°–६०° से. पर्यंत चढल्यास बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. ढीग निवाल्यावर त्यात गांडुळेही सोडतात. तयार खत बागांना वापरतात. सुका कचरा कचरावेचकांमार्फत पुनर्वापरासाठी जातो.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी उगमस्थानीच वर्गीकरण बंधनकारक केले. २० हजार चौ. मी. हून मोठ्या किंवा रोज १०० किग्रॅ. हून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करावी, यासाठी महानगरपालिकेने २ ऑक्टोबर २०१७ ही मुदत ठरविली होती.

मर्यादा : योजनेचा डोलारा मोजक्या स्वयंसेवी रहिवाशांवर उभा असल्याने त्यांचा उत्साह ओसरताच काम थंडावते. वेगळा केलेला कचरा वाहतुकीत पुन्हा एकत्र झाल्यास वर्गीकरणाचे श्रम वाया जातात. आवार नसलेल्या दाट वस्त्यांना ही पद्धत फारशी लागू पडत नाही. झोपडपट्ट्यांसाठी २००१ मध्ये दत्तक वस्ती ही स्वतंत्र योजना सुरू झाली. रहिवाशांचे सातत्य व कचऱ्याची पालिकेकडून होणारी वेगळी वाहतूक या दोन्हींवर योजनेचे यश अवलंबून असते.