सौरज्वाला आणि कणवादळाचे पूर्वानुमान

सूर्यावर ज्वाला उसळल्यावर तिचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. ऊर्जावान प्रोटॉन त्यानंतर काही मिनिटांनी वा तासांनी येतात. कणवादळाचे पूर्वानुमान या अवधीतच करावे लागते.

तथापि प्रत्येक तीव्र ज्वाला कणवादळ घडवतेच असे नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये एकाच प्रचंड सौरडाग-समूहातून एक्स श्रेणीच्या ६ ज्वाला उसळल्या. परंतु त्यांच्यासोबत सौरकिरीटातील द्रव्य बाहेर फेकले न गेल्याने मोठे कणवादळ झाले नाही. मोठ्या वादळांत प्रोटॉनांना मुख्यत्वे या द्रव्यापुढील आघात-तरंगामुळे वेग प्राप्त होतो. शिवाय सूर्याच्या परिवलनामुळे चुंबकीय बलरेषा सर्पिलाकार होतात; म्हणून सूर्यबिंबाच्या पश्चिम भागातील ज्वाला पृथ्वीच्या दृष्टीने अधिक धोकादायक ठरतात. ज्वालेची तीव्रता, कालावधी व स्थान यांवरून त्यामुळे केवळ संभाव्यता वर्तविता येते.

२० जानेवारी २००५ रोजी तर प्रोटॉन काही मिनिटांतच येऊन धडकले. ऑगस्ट १९७२ मधील तीव्र कणवादळ अपोलो १६ व १७ या मोहिमांच्या दरम्यान आले. त्या वेळी अंतराळवीर चंद्रपृष्ठावर असते, तर ते त्यांच्या जिवावर बेतू शकले असते. खोट्या इशाऱ्याने काम खोळंबते. हुकलेला इशारा मात्र प्राणघातक ठरू शकतो.