बातमी कोणी सांगितली?

चोरीचा माल कोणाच्या गोठ्यात लपवला आहे, हे फौजदाराला कळते. पण कोणाकडून कळले, हे तो सांगत नाही, आणि कोर्टातसुद्धा त्याला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तसे कलमच होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. कारण उघड आहे. खबर देणाऱ्याचे नाव एकदा फुटले, की दुसऱ्या दिवशी खबर द्यायला कोणी पुढे येणार नाही.

मग वर्तमानपत्राच्या बातमीदाराला कोणी खबर दिली, तर त्यालाही हाच न्याय लागू व्हावा काय? आणि खबर देणारा स्वतः पोलीसच असला तर? इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका खटल्यात उभा राहिला. तो खटला समजून घेतला, म्हणजे प्रश्नही समजेल.

लंडनच्या वायव्येस मिल्टन कीन्स नावाचे शहर आहे. तेथल्या 'मिल्टन कीन्स सिटिझन' या स्थानिक पत्राच्या बातमीदार होत्या सॅली मरर. आपल्या शहरात काय घडले, ते लोकांना सांगावे, एवढेच त्यांचे काम. मे २००७ मध्ये पोलिसांनी त्यांना अटक केली. मार्क कर्नी या पोलीस अधिकाऱ्याने खात्यातील माहिती त्यांना दिली आणि या कर्तव्यभंगात त्यांनी त्याला साहाय्य केले, असा आरोप होता. सरकारी पदाचा गैरवापर हा तिकडे फार जुना गुन्हा. लेखी कायद्यातून नव्हे, तर न्यायालयांच्या निवाड्यांतून तो आकाराला आला होता, आणि त्याला जास्तीत जास्त शिक्षा होती जन्मठेप! पुरावा कोणता? तर कर्नी यांच्या मोटारीत पोलिसांनी चोरून बोलणे टिपणारे यंत्र बसवले होते, त्यातले संभाषण.

सुमारे दीड वर्ष ही टांगती तलवार त्या बाईंच्या डोक्यावर होती. नोव्हेंबर २००८ मध्ये किंग्स्टन येथील कोर्टात न्यायाधीश रिचर्ड साउथवेल यांनी हा पुरावा स्वीकारण्यास नकार दिला. युरोपच्या मानवी हक्कांच्या करारात दहावे कलम आहे, ते मतस्वातंत्र्याचे. चोरून टिपलेल्या या संभाषणाने त्या कलमाचा भंग होतो, असे त्यांनी ठरवले. पुरावाच गेला, तेव्हा खटलाही कोसळला. मरर आणि कर्नी दोघेही सुटले.

या निर्णयाची वाट आधीच्या एका निकालाने मोकळी केली होती. बिल गुडविन या तरुण बातमीदाराला एका कंपनीच्या पैशाच्या अडचणींची माहिती मिळाली होती. ती देणाऱ्याचे नाव सांगण्यास त्याने नकार दिला, म्हणून इंग्लंडच्या कोर्टाने त्याला पाच हजार पौंड दंड केला. १९९६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने गुडविनच्या बाजूने निकाल दिला. माहिती देणाऱ्याला संरक्षण नसेल, तर तो पुढे येणार नाही आणि लोकांना कळायला हवे ते कळणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पोलिसाने खात्याची गुपिते खुशाल विकावीत काय? मुळीच नाही. लंडनच्या पोलिसांनी २०११ मध्ये 'ऑपरेशन एल्व्हेडन' नावाची चौकशी सुरू केली, ती वर्तमानपत्रांकडून पैसे घेणाऱ्या सरकारी नोकरांविरुद्धच. त्यात कित्येक पोलीस आणि इतर नोकर दोषी ठरले. खटले भरलेले बातमीदार मात्र बहुतेक सुटले. खिसा भरण्यासाठी माहिती विकणे निराळे, आणि अन्याय पाहवत नाही म्हणून तो सांगणे निराळे. हा भेद करणे हेच कायद्याचे खरे काम आहे.

आपल्याकडे काय आहे? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याप्रमाणे कौन्सिलपुढे बातमीदाराला खबर देणाऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती नाही. पण हे संरक्षण कौन्सिलपुरतेच. कोर्टात ते चालत नाही. तेथेही काही संरक्षण असावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या त्र्याण्णवाव्या अहवालात केली होती. ती कायद्यात उतरली नाही. पेगासस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या संरक्षणाचे महत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य केले. तरी आज पोलिसाच्या खबऱ्यासाठी कायद्यात कलम आहे, बातमीदाराला खबर देणाऱ्यासाठी तसे कलम नाही.

याचा आपल्याशी संबंध काय, असे वाटेल. समजा, बंधाऱ्याच्या कामावर हजेरीपटात खोटी नावे लावून मजुरी उचलली जात आहे. हे ठाऊक असते ते तिथल्या कारकुनाला. तो उघड बोलला, तर नोकरी जाईल. बातमीदाराजवळ बोलला, तर तुमच्याआमच्या मजुरीचे पैसे वाचतील. त्याचे नाव उघड करायला लावले, तर पुढचा कारकून गप्प बसेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. 'विश्वसनीय सूत्रांकडून' असे लिहिलेली एखादी बातमी वर्गात वाचून घ्या आणि मुलांना तीन प्रश्न विचारा. ही माहिती कोणाजवळ असेल? नाव दिले असते, तर त्याचे काय झाले असते? आणि बातमी खरी आहे की नाही, हे नावाशिवाय पडताळता येईल का? तिसरा प्रश्न विसरू नका. नाव झाकण्याचा हक्क मागणाऱ्या बातमीदाराने बातमी मात्र पारखून घेतलेली असली पाहिजे.