हौस जीपची, काळजी जिवाची

पावसाळा सरला की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पेशंट येऊ लागतात. वय वीस ते पस्तीस, नखांत ग्रीस आणि सोबत दोन-तीन मित्र. तक्रार मात्र दर वेळी निराळी. कुणाचा डोळा लाल, कुणाच्या तळहाताची कातडी सोललेली, कुणाला रात्रीपासून डोकेदुखी आणि मळमळ. काय करत होतास, असे विचारले की उत्तर ठरलेले, "काही नाही डॉक्टर, गाडीचं काम चाललं होतं."

सातारा-सांगली भागाला यंत्राचे वेड नवे नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' तयार होत असे. त्यामुळे इंजिन खोलून पुन्हा बसवणारा एखादा तरी पठ्ठ्या आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो. वडापमध्ये झिजून मोडीत निघालेली जीप चार मित्र वर्गणी काढून घेतात, तिला चारही चाकांची ओढ बसवतात, आणि वर्षभर खटपट करून ती एकदाची माळावर नेतात. कुणी जुन्या आरएक्स १०० ला खोल नक्षीचे टायर लावतो, कुणी इम्पल्स किंवा एक्सपल्स घेतो. मग चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडचे कच्चे रस्ते आहेत, जतचा मुरमाड माळ आहे. (कासचे पठार आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे जंगल मात्र चाकांसाठी नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

हा छंद सोडा असे मी सांगणार नाही. मोबाईलमध्ये डोके घालून बसण्यापेक्षा चार मित्रांनी मिळून गिअरबॉक्स उतरवलेला मला केव्हाही चांगला वाटतो. पण घरच्या मंडळींना भीती वाटते ती फक्त माळावर पडण्याची. मुलगा शेडमध्ये आहे म्हटल्यावर आई निर्धास्त झोपते. माझा अनुभव असा की दुखणी घेऊन येणारे बरेचसे शेडमधूनच येतात.

सर्वांत आधी धुराविषयी. थंडीचे दिवस, रात्रीची वेळ, वारा लागतो म्हणून आणि शेजारी ओरडतात म्हणूनही शटर खाली ओढलेले, आणि आत कार्ब्युरेटर जुळवण्यासाठी इंजिन चालू ठेवलेले. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या इतर पदार्थांचा. म्हणजे वास कमी झाला तरी हा वायू खोलीत असू शकतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा प्राणवायू वाहून नेणारा हमाल. कार्बन मोनॉक्साईड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हमाल कामावर दिसतो, पण त्याच्या डोक्यावर भलताच बोजा असतो. आधी डोके जड होते, मळमळते, हातपाय ढिले पडतात, आणि नंतर झोप येते. ही झोपच घात करते, कारण माणसाला बाहेर जावे असे सुचतच नाही. एकाच शेडमधल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर चहा मागवू नका. इंजिन बंद करून शटर वर करा आणि सर्वांनी मोकळ्यावर या.

इथे एक फसगत सांगितली पाहिजे. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. धूर लागलेल्या मुलाच्या बोटाला ते लावतात, ९८ आकडा दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. या यंत्राला प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. तेव्हा आकडा चांगला दिसला तरी पोरगा गुंगीत असेल, बोलणे अडखळत असेल, तर दवाखान्यात आणून प्राणवायू लावावाच लागतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट पेट्रोल तोंडाने ओढण्याची. टाकीत नळी घालून चूळ भरल्यासारखे ओढायचे, ही आपल्याकडची जुनी कला. घोट पोटात गेला यापेक्षा त्याचा थेंब श्वासनलिकेत उतरला, ही खरी भीती. पेट्रोल पातळ असल्याने फुफ्फुसात झरझर पसरते आणि तिथे दाह होतो. ठसका लागला, मग थांबला, मुलगा हसला, एवढ्यावर सोडून देऊ नका. खोकला, धाप, ताप ही लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. अशा वेळी उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची घाई घरची माणसेच करतात, आणि वर येणारे पेट्रोल पुन्हा फुफ्फुसात जाण्याची वाट त्यातून मोकळी होते. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे बदला आणि सरळ दवाखाना गाठा. दाबून ओढायचा साधा हातपंप बाजारात मिळतो, तो फार महागही नसतो.

पेट्रोलने हात धुणे हा त्याचाच धाकटा भाऊ. त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते, भेगा पडतात, त्यातून जंतू शिरतात. हाताला आधी खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल चोळून काजळी सुटी करा, मग साबण लावा.

डोळ्यांचे दोन प्रकार सांगतो. वेल्डिंगची चमक उघड्या डोळ्यांनी पाहिली की तेव्हा काही होत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बुबुळावरचा पातळ थर भाजलेला असतो. साधारणपणे एक-दोन दिवसांत तो भरून येतो, परंतु मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालणे घातक, कारण जखम भरत नाही आणि बिघडलेले कळतही नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट. अडकलेली पिन काढण्यासाठी हातोड्याने लोखंडावर लोखंड मारताना बारीक कपची उडून थेट डोळ्याच्या आत जाते. दुखते थोडेच, रक्तही दिसत नाही. दृष्टी किंचित अंधुक होते एवढेच. हातोडा मारताना काहीतरी लागले, असे कुणी म्हटले तर डोळा चोळू नये, धुऊ नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. साधा बंद बाजूंचा चष्मा लावला असता तर हे सगळे टळते.

जुन्या ड्रमब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे दुष्परिणाम फुफ्फुसावर वीस-तीस वर्षांनी उमटतात. ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या जीपखाली कधीही शिरू नका. खाली लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके हवेत, चाकांना दगड हवेत.

आता माळाकडे वळू. जुन्या जीपचे चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग उलट झटका मारते. अंगठा चाकाच्या आत गुंडाळलेला असेल तर तो मोडतो. अंगठे कडेवर बाहेर ठेवायची सवय लावा. मोटारसायकलवरून फेकले गेल्यावर कॉलरचे हाड मोडणे हे नेहमीचे. त्याला झोळी बांधून आणा, चोळून किंवा बांबूच्या कामट्यांनी आवळून नव्हे. बोटे काळी-निळी, गार किंवा बधिर पडली तर पट्टी तेव्हाच सैल करा.

पोटाला हँडल लागले असेल तर अधिक सावध राहा. डाव्या बरगडीखाली प्लीहा, म्हणजे आपली पानथरी असते. ती फाटली तर रक्तस्राव आत होतो, वर साधा ओरखडाही नसतो. मुलगा उठून उभा राहतो, गाडीही चालवतो. तास-दोन तासांनी चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, आणि कधी कधी मार पोटाला असूनही डावा खांदा दुखतो. या खांद्याच्या दुखण्याला बाम चोळत बसणारे असतात.

डोक्याचे काय? बंगळुरूचे सी. एस. संतोष हे डकार शर्यतीतले आपले नावाजलेले मोटारसायकलस्वार. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात ते पडले. अंगावर सगळी संरक्षक साधने होती, हेलिकॉप्टरने त्यांना रुग्णालयात हलवले, काही काळ औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले, आणि ते बरे होऊन घरी परतले. चाळकेवाडीला हेलिकॉप्टर येणार नाही. आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट हनुवटीचा पट्टा आवळून घालावे. सैल हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून उडते. पडलेला बेशुद्ध असेल, पण श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नका आणि हात-पाय धरून उचलू नका. मानेचा मणका सरकला असेल तर त्या एका हिसक्याने कायमचे अपंगत्व येते. एकाने डोके-मान दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावे. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान धरून व दुसऱ्याने हळूहळू, हेल्मेट काढावे.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. सड्यावर मोबाईलची रेंज कुठे मिळते हे निघण्याआधी पाहून ठेवा. दोघांनी जखमीजवळ थांबायचे आणि एकाने रेंजच्या जागी जाऊन फोन करायचा, हेही आधीच ठरवा. धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी लागते. मातीने भरलेल्या खोल जखमेला पाच वर्षे उलटून गेली असतील तरी पुन्हा घ्यावे. कुणाला मधुमेह आहे, कुणाला कोणते औषध चालत नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून जीपच्या कप्प्यात, पान्यांच्या पिशवीशेजारी ठेवा.