सुई फक्त बाईच्याच हाती का?

शिवणकाम आणि रंगकाम ही बायकांची कामे, असे आपल्या घरांत अजूनही मानले जाते. पण भिक्खूच्या आठ परिष्कारांत सुई आहे. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी तशा रचनेचे चीवर करायला सांगितले आणि तुकडे जोडून ते बेतले आनंदांनी, असे विनयपिटक सांगते. भंडाऱ्यातील धानाच्या बांध्या पाहिल्या की ती रचना लगेच कळते. रंगासाठी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ या सहांना परवानगी होती. रंग शिजला का, हे पाण्यात किंवा नखावर थेंब टाकून पाहत.

हे घरीही जमते. फाल्गुनात गळालेली पळसफुले वेचून वाळवा. धुतलेले सुती कापड आधी हिरड्याच्या, मग तुरटीच्या पाण्यात भिजवा. फुले उकळून, गाळून त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवा आणि सावलीत वाळवा. पिवळा-केशरी रंग चढतो. उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवा.

कठीण चीवरदानासाठी आपण तयार चीवर विकत आणतो. यंदाच्या वर्षावासात विहारात मुलामुलींना एकत्र बसवून सुईदोरा शिकवावा, असे आम्हाला वाटते.