मटण सोडले, पण काळजी कशाची करावी?

बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी बिऱ्हाडे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. रविवारी रस्सा शिजणाऱ्या घरात कुणी मांसाहार सोडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता प्रोटीन कुठून मिळणार? मग सोयाबीनच्या वड्यांचे पाकीट येते, कुणी ‘शाकाहारी मटण’ म्हणून फणस सुचवते. माझ्या मते ही काळजी भलत्याच जागी केली जाते. प्रथिनांची भरपाई आपल्या स्वयंपाकघरात सहज होते. मांस, मासे, अंडी सुटल्यावर खरोखर हातचे जाते ते बी-१२ जीवनसत्त्व, आणि त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

आधी प्रथिनांचा हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम कच्च्या मटणात ती साधारण २० ग्रॅम असतात, तर कोरड्या सोयावड्यांत ५० ग्रॅमच्या वर. पण वड्या भिजून जवळपास तिप्पट होतात, त्यामुळे भाजीची वाटी तोलून हा आकडा लावला तर फसगत होते. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून १५ ग्रॅम मिळतात, एवढे धरावे. बडोद्याच्या लाडक्या सेव-उसळीतला पांढरा वाटाणाही कमी नाही: ५० ग्रॅम कोरड्या वाटाण्यात दहाएक ग्रॅम प्रथिने असतात. उलट कच्च्या फणसात शंभर ग्रॅममागे जेमतेम दोन-तीन. त्याचा रेशा मांसासारखा सुटतो, चवही छान लागते, पण मटणाची जागा तो फक्त दिसण्यात घेतो. ‘डाळ-भात एकाच घासात खाल्ला तरच प्रथिने पूर्ण होतात’ हा समज फ्रान्सेस मूर लापे यांच्या १९७१च्या पुस्तकाने फार पसरवला. पुढे १९८१च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. दिवसभरात धान्य आणि कडधान्य दोन्ही पोटात गेले की काम भागते.

सोयाबीनवर दोन आक्षेप येतात. एक, त्याने पुरुषांची हार्मोन्स बिघडतात. उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१० आणि २०२१ मध्ये झाले, आणि दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. दुसरा, हे अलीकडचे परदेशी खूळ आहे. हा आक्षेप बडोद्यात तरी टिकू नये. सयाजीराव महाराजांच्या काळातच बडोदा संस्थानाच्या अन्न-पाहणी कार्यालयाने सोयाबीनवर पत्रक काढले होते. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग चालू असताना गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यातली माहिती छापली. त्याच कार्यालयात एफ. एस. काळे हे अधिकारी होते. त्यांचे सोयाबीनवरचे पाककृतींसह इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये बडोद्यातूनच निघाले.

राहिली चव. माणसाला आठवतो तो बहुतेक वेळा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा आणि तर्रीचा स्वाद, आणि तो शाकाहारी रश्श्यातही उतरतो. पाटवडीचा रस्सा हा त्याचा जुना पुरावा. बेसन शिजवून तेल लावलेल्या ताटात थापायचे, वड्या कापायच्या आणि वाढताना उकळत्या रश्श्यात सोडायच्या. आधी सोडल्या तर रस्सा पिऊन त्या फुटतात. सोयावड्यांचा उग्र वास जायला त्या मिठाच्या पाण्यात उकळून दोनदा घट्ट पिळाव्यात.

बी-१२ची भरपाई मात्र यातल्या कशानेच होत नाही. डाळी, सोयाबीन, पालेभाज्या यांत ते नसते. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यावर विसंबता येत नाही, आणि स्पिरुलिनात सापडते ते शरीराला न चालणारे रूप. दुधात ते असते, पण रोजच्या २.२ मायक्रोग्रॅमच्या गरजेसाठी सुमारे अर्धा लिटर दूध प्यावे लागेल. ‘आमचे आजी-आजोबा कुठे गोळ्या घेत होते?’ असे विचारले जाते. त्यांचे रक्त कुणी तपासले नव्हते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे तपासले, २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी, आणि शाकाहाऱ्यांमध्ये ही कमतरता असण्याचा धोका चौपटीहून अधिक. नव्याने शाकाहारी झालेल्याला तर हे आणखी चकवते, कारण यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. सुरुवातीला सारे ठीक वाटते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा नंतर येतात, आणि तोवर मटण सोडल्याची आठवणही कुणी काढत नाही. मज्जातंतूंची हानी लांबली तर ती पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून शाकाहार धरलात तर वर्षभरात एकदा बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या, आणि पातळी कमी निघाली तर डॉक्टर सांगतील ती गोळी बिनदिक्कत घ्या. दूधही सोडले असेल, तर तपासणीची वाट न पाहता पहिल्या महिन्यातच त्यांना विचारा.