रेंज दुकानात नको, वस्तीत हवी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या एका पक्षकार मावशींच्या जमिनीच्या दाव्याची तारीख होती. फेरफाराची नक्कल त्यांच्या घरी राहिली होती आणि ती त्याच दिवशी दाखल करायची होती. सकाळपासून मी अकरा वेळा फोन लावला. दर वेळी एकच उत्तर : ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मावशी घरातच होत्या, फोन चालू होता, रिचार्जही केलेले होते. फक्त रेंज नव्हती. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

चौकशीत कळले की, नातवाने तालुक्याच्या दुकानात स्वस्त स्कीम पाहून सिम घेतले होते. दुकानात रेंजच्या सगळ्या काड्या दिसत होत्या. पण गावातला टॉवर चौकाजवळ आणि आपली वस्ती ओढ्यापलीकडे! जिथे नळ, रस्ता आणि दिवा शेवटी आला, तिथे रेंजही शेवटीच यावी यात नवल ते काय?

मोबाइलला चैन म्हणण्याचे दिवस गेले. बँकेचा ओटीपी, शिष्यवृत्तीचा निरोप, कामाचा सांगावा याच फोनवर येतो. रात्री-अपरात्री वस्तीवर हल्ला झाला तर ११२ लावायचा तो याच फोनवरून. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरुद्ध डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही रेंज नसेल तर काय कामाची?

म्हणून समाजबांधवांनी क्रम उलटा करावा. आधी कंपनी, मग फोन, शेवटी स्कीम. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून घ्या. घरात पत्र्याखाली, शेतात आणि वीज गेलेली असताना प्रत्येकावरून बोलून पाहा. काड्या मोजू नका, आवाज तुटतो का ते ऐका. ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. तेही पाहा, पण नकाशाला तुमच्या घरावरचा पत्रा दिसत नाही.

फोन घेताना बँड विचारा. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही अधिक शिरतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड २८, ५ आणि ८. बीएसएनएलचे फोर-जी घ्यायचे तर बँड २८ असलेला फोन उपयोगी पडतो. बटणांचा जुना टू-जी फोन जिओच्या सिमवर चालत नाही, कारण २०१६ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीचे टू-जी जाळेच नाही. दोन सिम ठेवणार असाल तर दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर नाहीत ना, हे बघा. टॉवरची वीज आणि बॅटरी संपली की दोघीही एकदम मुक्या होतात.

सिम घेऊन फसला असाल तरी नशिबाला दोष देत बसू नका. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला आहे. सिम चालू होऊन नव्वद दिवस झाले असतील तर इंग्रजीत ‘पोर्ट’, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आलेला कोड नव्या कंपनीला द्या. इंटरनेट नको असेल तर फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे रिचार्ज मागा. ते ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि दाद लागली नाही तर कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जा. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. तेव्हा कंपनीच्या कार्यालयातून कोणी ‘आमच्यावर केस होत नाही’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

एकट्याची तक्रार कागदात हरवते. संपूर्ण वस्तीने सह्या करून निवेदन द्यावे, ग्रामसभेत ठराव मांडावा आणि त्याची नक्कल जपून ठेवावी.

मावशींनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. मागच्या तारखेला मी फोन लावला, तर दुसऱ्याच रिंगला आवाज आला, “जयभीम वकीलसाहेब, कागद घेऊन एसटी स्टँडवर उभी आहे!”