छापील वजनाचा भरवसा

माणदेशात ताकदीला पहिल्यापासून मान. पूर्वी ती कमवायची तालमीत. जोर, बैठका, मुद्गल आणि तांबडी माती हे सारे भांडवल. आता सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावीही माडीवर किंवा पत्र्याच्या खोलीत एक पाच फुटी सळई, चार-सहा प्लेटा आणि बाकडे असा संसार मांडलेला दिसतो. २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपे लागली, तेव्हा बऱ्याच घरांत हे सामान आले आणि तिथेच राहिले. कुणाला पोट कमी करायचे असते, कुणाला पोलीस भरती गाठायची असते. भरतीच्या मैदानावर मुलांना ७.२६० किलोचा गोळा फेकायचा असतो. त्यासाठी खांदा तयार हवा.

मुलगा हट्ट धरतो, वडील किंमत विचारतात आणि त्यातल्या त्यात स्वस्त संच घरी येतो. दात बघितल्याशिवाय बैल न घेणारा माणूस ही सळई मात्र चित्र बघून घेतो. बँकेत तारण पाहण्यात माझी उमर गेली. तिथला पहिला धडा हा, की वस्तूवर लिहिलेले आणि वस्तूत असलेले या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

स्वस्त घेण्यात पाप काहीच नाही. स्पर्धेतला पुरुषांचा बार २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा असतो. त्याची टोके स्वतःभोवती फिरतात, कारण वजन झटक्यात डोक्यावर नेताना मनगटाला पीळ बसता कामा नये. घरी खांद्यावर सळई घेऊन बैठका मारणाऱ्याला ही चैन नसली तरी चालते. चकाकी नसली तरीही चालते. न चालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट, सळई भरीव हवी. बांधकामाचे लोखंड विकणाऱ्या कुणालाही हिशोब विचारा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. २५ मिलिमीटरच्या भरीव सळईचे हे वजन ३.८६ किलो, म्हणजे पाच फुटांचे जवळजवळ सहा. काट्यावर तीनच किलो भरले, तर तुम्ही सळई नव्हे, नळी विकत घेतली आहे. डाळिंबाच्या या मुलखात काटा शोधायला लांब जावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, ती सरळ हवी. शहाबादी फरशीवर घरंगळत सोडा. मधला भाग वर-खाली होऊ लागला तर परत करा. मऊ लोखंड वाकले की वाकलेलेच राहते; चांगले पोलाद लवते आणि पुन्हा सरळ होते. तिसरी गोष्ट प्लेटांची. प्रत्येक प्लेट वेगळी जोखा. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या प्लेटा आपटल्या की तडकतात. बिडाच्या ओतीव प्लेटा टिकतात. जोडीतल्या दोन प्लेटा सारख्या नसतील, तर एक खांदा रोज जास्त ओझे वाहतो. शेवटी टोकांची लॉक. प्लेटा चढवून सळई थोडी तिरकी करा. प्लेट सरकली तर तो संच फुकटातही महाग.

एवढी काटेकोरपणाची गरज काय, असे कुणी विचारील. शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. वडिलांची पानाची टपरी. त्याने ११३ आणि १३५ असे मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक मिळवले. सुवर्ण मिळवणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे वजन होते २४९. एका किलोला तिथे एवढी किंमत! आपल्या माडीवरचा मुलगा ‘चाळीस मारतो’ म्हणतो, तेव्हा ते चाळीस खरोखर किती, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. छापील आकड्यावर विसंबून तो उद्या मोठ्या व्यायामशाळेत खरे चाळीस उचलायला गेला, तर पाठ तिथे हिशोब चुकता करते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बाकड्यावर उताणे पडून छातीवरून वजन उचलतात, तेव्हा सळई गळ्यापासून वीतभर अंतरावर असते. हात थकले, तर ती कुठे येईल हे सांगायला नको. पोरे हा प्रकार दार लावून, एकटीच करतात. तालमीत वस्तादाची नजर असायची. ती नजर कोणत्याही संचाबरोबर येत नाही, स्वस्त नाही की महाग नाही. म्हणून संच जरूर घ्या, जोखून घ्या. पण मुलगा बाकड्यावर पडला की घरातल्या एका धडधाकट माणसाने त्याच्या उशाशी उभे राहायचे, असा नियम करा. त्याला पैसे पडत नाहीत.